ओळ पुसून नाही राहिली

रायपूर, १८ फेब्रुवारी २०२५

लोकेश भैया,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला टाकशील, म्हणून आधीच सांगते. आई ठीक आहे, घर विकलेलं नाही, आणि मी तुला परत ये म्हणणार नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, आईचा तर चार वर्षांपासून बंदच आहे. विशाखापट्टणमच्या रेल्वे क्वार्टरचा हा पत्ता तुळशीरामजींनी दिला. तुमचं दोघांचं बोलणं होत होतं हे मला तेव्हा कळलं.

तुळशीरामजी जानेवारीत गेले. झोपेतच. हे तुला कोणी कळवलं असेल की नाही, माहीत नाही.

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते घरोघर जाऊन जे लिहून घेत होते, ते पुस्तक त्यांनी पूर्ण केलं. भंडारा-गोंदियाकडून कोणकोण इकडे आलं, कोण लोकोशेडमध्ये लागलं, कोण स्टीलच्या प्लांटमध्ये, विहाराची जागा कशी मिळाली, सगळं. आपल्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोट्ट्यांना आता मराठी वाचता येत नाही, तरी पुस्तक मराठीतच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्याची टाइपिंग आणि पानं लावायचं काम माझ्याकडे आहे. मी अजून ब्राह्मणपाऱ्यातल्या त्याच दुकानात आहे. लग्नपत्रिका, थीसिस, दुकानांची बिलबुकं, तेच ते.

त्या पुस्तकात एक प्रकरण आपल्या बहिणीचं आहे, पायलचं.

मला माहीत नव्हतं. टाइप करता करता पुढ्यात आलं. ते असं आहे: ‘विहाराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत या मुलीने पोरींसाठी अभ्यासिका काढली. त्यातल्या कितीतरी आज नोकरीला आहेत. लग्न होऊन ती तेलीबांध्याला गेली, पण तिला पुन्हा इथे येऊ दिले गेले नाही. ती सासरी जळून मेली. कशी, ते कोणी विचारले नाही. मीही नाही.’

शेवटचं वाक्य टाइप करून मी बाहेर जाऊन उभी राहिली होती.

समितीचे अध्यक्ष श्यामराव गजभियेच आहेत. पायलचा सासरा आपल्या विहाराचा अध्यक्ष, आणि आपण रविवारी त्यांच्या मागे बसून वंदना म्हणतो. पण तुळशीरामजींच्या शोकसभेत सगळ्यांसमोर ठराव झाला की त्यांचं एकही प्रकरण सभेच्या मताशिवाय गाळायचं नाही. ठराव वाचला श्यामरावांनीच. तेव्हा त्यांनी आतलं काही वाचलं नव्हतं.

काम एवढंच आहे. पायलचा अभ्यासिकेतला फोटो तुझ्याकडे आहे, फळ्यासमोरचा. त्याची चांगली कॉपी पाठव. आमच्याकडे फक्त लग्नातले आहेत आणि त्या सगळ्यांत शेजारी नवरदेव अभिनव आहे.

आणखी एक गोष्ट झाली, म्हटलं तर छोटीच. फाइल पेनड्राइव्हवर विहाराच्या ऑफिसात जाते, समितीवाले कॉम्प्युटरवर वाचून परत देतात. यावेळी परत आली तर अनुक्रमणिकेत पायलच्या प्रकरणाची ओळ नव्हती. प्रकरण आत होतं, जागच्या जागी. मला वाटलं माझ्याच हातून काही झालं. तुला सांगते, ही अनुक्रमणिका मी टाइप करत नाही. प्रकरणाच्या नावाला शीर्षक म्हणून खूण केली की मशीन स्वतः पुस्तकभर फिरून नावं गोळा करतं आणि पुढे पानांचे आकडे लावतं. मी पुन्हा ताजी करायचं बटण दाबलं. ओळ परत आली.

फोटो पाठव.

चेतना


रायपूर, १२ मार्च २०२५

लोकेश भैया,

फोटो मिळाला. सोबत एक चिठ्ठीसुद्धा नव्हती, पण फोटो जुन्या वर्तमानपत्रात इतका जपून गुंडाळला होता की मला पुरलं. आईला दाखवला. तिनं पदरानं काच पुसावी तसा पुसला आणि परत दिला. 

ओळ पुन्हा गेली.

यावेळी मी बटण न दाबता नीट पाहिलं. वरच्या-खालच्या ओळी, आकडे, सगळं जुनं तसंच होतं. फक्त तेवढी एक ओळ नव्हती. मशीन असं करत नाही, मशीन गाळेल तर कारणाशिवाय गाळत नाही. हे कोणीतरी कर्सर ठेवून, बोटानं केलेलं काम होतं. ऑफिसात टायपिंग येणारा माणूस एकच आहे. प्लांटच्या ऑफिसात आयुष्य गेलेला.

त्या अनुक्रमणिकेला हातानं बदल करायची मनाई करता येते. एका चौकोनात खूण करायची, बस. खरं तर ती खूण आधीपासून असतेच. काही प्रकरणांची नावं फार लांब होती, ती दोन ओळींत तोडायची म्हणून मी काढून ठेवली होती. आता परत लावली. मग तिथं कोणी कितीही दाबलं तरी अक्षर हलत नाही, उलट पाटी येते की इथला मजकूर बदलता येणार नाही. त्याला कुलूप म्हणायचं तर म्हण, पण चावी कोणालाही सापडेल अशी आहे, पासवर्ड-बिसवर्ड काही नाही. श्यामरावांना सापडली नाही.

परवा ते दुकानात आले. मी एकटीच होती. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. माणूस कसाही असला तरी खुर्ची द्यावीच लागते.

“चेतना, तुह्या त्या फाइलले काय झालं?” ते म्हणाले. “एक ओळ पुसून नाही राहिली.”

“कोणती ओळ, काका?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांकडे. “तुले माहीत आहे कोणती.”

“तिले मनाई लावली आहे. हातानं बदलत नाही ती.”

“काहून लावली?”

“कोणीतरी दोनदा पुसली म्हणून.”

चहा आला. त्यांनी कप हातात घेतला आणि एकदम मऊ आवाजात बोलायला लागले, लग्नात बोलायचे तसे. “बेटा, मी प्रकरण काढ म्हणून नाही राहिलो. तुळशीरामजींचा शब्द आहे, राहू दे आत. पण एवढं मोठं पुस्तक कोन वाचते? लोक अनुक्रमणिका पाहतात, आपल्या घराचं नाव शोधतात, तेवढं पान उघडतात, झालं. ओळ नसली तर कोनाची नजर जाणार नाही. तुमचं राहीन, आमचंही राहीन. माही नात रमा मोठी होऊन राहिली. उद्या तिनं ते वाचलं तर?”

“रमाले मराठी वाचता येते?”

“येत नाही. पण कोणी वाचून दाखवीन ना.”

खरं सांगते भैया, क्षणभर मलाही वाटलं की घ्यावं तेवढ्यावर. आत तर राहील. पण मग ते दोनदा गुपचूप पुसणं आठवलं. पायलच्या बाबतीत सगळं असंच झालं होतं. कोणी काही केलं नाही, फक्त एकेक गोष्ट दिसेनाशी झाली. मी म्हटलं, “काका, ओळ काढायची असेल तर प्रकरणच काढावं लागते. मशीन दुसरं ऐकत नाही. आणि प्रकरण काढायचं तर सभा बोलवा. तुमचाच ठराव आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा तसाच होता.

“ठीक आहे,” म्हणाले. “सभाच बोलावतो. मग पाहू कोन कोनाकडे आहे.”

जाताना त्यांनी आईची तब्येत विचारली.

मला वाटतं मी बरोबर केलं. त्यांना उघड्यावर यायचं नव्हतं, आता यावं लागेल. सगळ्यांसमोर तोंडानं म्हणावं लागेल की माझ्या सुनेचं नाव काढा. विहारात चाळीसेक घरं आहेत, पायलनं शिकवलेल्या पोरी आहेत, त्यांच्या आया आहेत. कोणाचा हात वर होईल?

चेतना


रायपूर, ७ एप्रिल २०२५

लोकेश भैया,

प्रकरण गेलं.

काल वंदना झाल्यावर सभा झाली. श्यामरावांनी पायलचं नाव घेतलंच नाही. ‘एक व्यक्तिगत स्वरूपाचे प्रकरण’ म्हणाले. समाजाचं पुस्तक आहे, पाहुणे येणार आहेत, घरातली दुःखं चव्हाट्यावर नकोत. मी उठून ते प्रकरण वाचायला सुरुवात केली तर मागून कोणीतरी म्हणालं, बस करो दीदी, सब को मालूम है. सगळ्यांना माहीत आहे म्हणून वाचायचं नाही. मी तरी शेवटपर्यंत वाचलं. 

मग हात वर करायला सांगितलं. आधी ज्यांना प्रकरण नको त्यांनी, मग ज्यांना पाहिजे त्यांनी. पायलकडे शिकून बँकेत लागलेली एक पोट्टी दारातून बाहेर निघून गेली. मी तिला दोष देत नाही, तिच्या नवऱ्याची बदली श्यामरावांच्या ओळखीनं झाली आहे. आमच्या बाजूनं थोडे हात होते, म्हातारे लहानूजी, दोन-तीन बाया. तिकडे पुष्कळ. कोणाकोणाचे होते ते विचारू नको.

आज सकाळी दुकानात जाऊन मी ते प्रकरण पुस्तकातून काढलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता. मग अनुक्रमणिका ताजी केली. तिला मनाई होती ती हातानं बदलायची, हे तर बटणानं होतं, तिनं काही आडकाठी केली नाही. ओळ गेली, खालची प्रकरणं वर सरकली, पानांचे आकडे कमी होऊन नीट बसले. कुठे फट नाही. आधी चोरून पुसत होते तेव्हा निदान आकड्यांत एक उडी दिसायची.

फोटो परत पाठवत आहे. तुझ्याकडेच राहू दे.

चेतना


रायपूर, ३० एप्रिल २०२५

भैया,

चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू एकच प्रश्न विचारलास आणि मी फोन ठेवून दिला. तुला कोणी सांगितलं मला माहीत नाही. पण तू विचारलंस ते खरं आहे.

आईचा हात वर होता.

मी तिच्याच पुढच्या ओळीत होती. मोजताना मागे वळून पाहिलं. पूर्ण वर नव्हता, खांद्याच्या जरा वर, बोटं वळलेली. शाळेत उत्तर न येणारं पोट्टं करते तसा. पण वर होता. श्यामरावांनीही पाहिला. ते मुद्दाम थांबले, सगळ्यांना दिसेपर्यंत थांबले, मग म्हणाले, “सत्यभामाबाईंचंही मत आलं आहे.” त्यानंतर बाकीचे हात भराभर वर गेले. आईच नको म्हणते तर आपण कोण?

आता पुढचं वाच, फाडू नको.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, श्यामराव आपल्या घरी आले होते. मी दुकानात होती. त्यांच्यासोबत रमा होती. पायल गेल्यापासून आपल्या उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदा आली. इतकी वर्षं आई तिला विहारात लांबून पाहायची, जयंतीला, पौर्णिमेला, खांबाआडून. जवळ गेली की अभिनवची बहीण पोरीला उचलून न्यायची. आणि त्या दिवशी ती आत येऊन बसली, गोल बाजारातून घेतलेला नवा फ्रॉक घालून. आईनं तिला पोहे करून दिले. रमानं शेंगदाणे वेचून बाजूला ठेवले. पायल ठेवायची तसेच. श्यामराव म्हणाले, दर रविवारी पाठवतो नानीकडे. आपण एकाच घरचे आहोत. उद्याच्या सभेत फक्त समजून घ्या.

एवढंच. धमकी नाही, काही नाही.

मी त्या रात्री आईला नको ते बोलली. तेव्हा दवाखान्यात पोलिसासमोर गप्प राहिलीस, बाबांना ‘तक्रार नाही’ म्हणून सही करायला लावलीस, त्यापायी लोकेश घर सोडून गेला, बाबा झुरून गेले, आणि आता हातही वर केलास. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तू माय नाहीस. तुले नाही समजणार.” मी म्हटलं, “पायल माय होती.” त्यावर ती उठून आत गेली.

पण तुला हेही लिहिते. रमा दर रविवारी येऊन राहिली. तेरा एप्रिलला आली, वीसला आली, सत्तावीसलाही आली. माझ्याशी हिंदीतच बोलते, आईचं मराठी तिला कळतं. आई शनिवारपासून घर झाडते. मी रविवारी दुकानात जाते, मला तिथं बसवत नाही. मी संध्याकाळी घरी आली की आईचा चेहरा पाहून बोलता येत नाही. तूच सांग, मी काय म्हणू तिला?

चेतना


रायपूर, २४ जून २०२५

भैया,

बुद्धपौर्णिमेला पुस्तक निघालं. पाहुणे आले, हार झाले, श्यामरावांनी तुळशीरामजींच्या निष्ठेवर भाषण केलं. सगळ्यांनी पुस्तक उघडून आधी अनुक्रमणिकाच पाहिली, आपापल्या घराचं नाव शोधलं. तेवढं ते खरं बोलले होते.

त्यानंतरच्या रविवारी रमा आली नाही. तिला ताप आहे म्हणाले. पुढच्या रविवारी आत्याकडे गेली होती. मग फोन उचलणं बंद. आईनं तीन रविवार पोहे भिजवले आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी ते खाल्ले.

गेल्या आठवड्यात, शाळा उघडल्या उघडल्या, आई कोणाला न सांगता तेलीबांध्याला गेली. तलावासमोरच्या त्यांच्या इमारतीपाशी गार्डनं अडवलं. “अम्मा, ऊपर से मना है.” ती उन्हात फाटकासमोर दुभाजकावर बसून राहिली. चार वाजता शाळेची व्हॅन आली. रमा उतरली. आईनं हाक मारली. पोरीनं पाहिलं, हात वर केला, आणि अभिनवच्या बहिणीनं तिला आत नेलं. आई घरी आली ती पाय भाजलेले घेऊन, चपलेचा पट्टा तुटला होता म्हणून अर्धा रस्ता अनवाणी चालली.

मी तिच्या पायाला मलम लावत होती. ती भिंतीला टेकून बसली होती. अचानक म्हणाली, “चेतना, पायल बोलली होती.”

मला आधी कळलंच नाही.

“दवाखान्यात. तुम्ही खाली रक्ताच्या बाटलीसाठी गेले होते तेव्हा. मले वाकायले सांगितलं. म्हणली, आई, गॅस बंद होता. मी बंद केला होता.”

मी मलमाची डबी बाजूला ठेवली.

“आणखी काय म्हणाली?”

“रमाले त्या घरात नको ठेवू म्हणली. दोनदा म्हणली.” आई रडत नव्हती. ती असं सांगत होती जसं कोणाच्या निरोपाचं सांगावं. “कोणाचं नाव नाही घेतलं तिनं. मी विचारलंच नाही. मले वाटलं, मी नाव ऐकलं तर मले बोला लागीन, आणि मी बोलली तर हे पोरगी दाखवणार नाहीत. म्हणून मी पोलिसाले काही नाही सांगितलं. तुह्या बाबालेही नाही. तो ते विचारत विचारत गेला.”

“आणि रमा?”

“तिले तिथंच ठेवली ना. तिनं जे नको म्हणलं तेच केलं. आणि आता तर दिसतही नाही.”

भैया, तू भांडून गेलास तेव्हा तुला वाटत होतं की आई घाबरट आहे. मलाही वाटत होतं. ती त्यापेक्षा वाईट काहीतरी चार वर्षं एकटी घेऊन बसली होती, आणि मी तिच्याच हातची भाकर खाऊन तिला ऐकवत होती. हे वाचून तुझा राग वाढेल की कमी होईल, मला सांगता येत नाही. माझे दोन्ही झाले.

आम्ही वकिलाकडे गेलो. मंजिरी वासनिक म्हणून आहेत, तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. त्या म्हणाल्या, मृत्यूची गोष्ट पुन्हा उघडणं फार कठीण आहे, बाबांची सही आहे, आईचं तेव्हाचं गप्प राहणं आहे, आता बोललं तर विचारतील इतके दिवस कुठे होता. तो अर्ज वेगळा करू, पण आशा धरू नका. रमाला भेटण्याचा हक्क मात्र मागता येईल, तो कुटुंब न्यायालयात. त्याला घरातला पक्क्या नोकरीचा माणूस सोबत उभा राहिला तर बरं.

मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं की परत ये म्हणणार नाही. आता म्हणते. तारखेपुरता ये. आईशी बोलू नको वाटलं तर बोलू नको.

चेतना


रायपूर, १७ नोव्हेंबर २०२५

भैया,

तू आलास, जबाब दिलास, आईच्या शेजारी त्या लाकडी बाकावर दुपारभर बसलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. ती अजून सांगते, लोकेशनं माह्या हातातली पिशवी घेतली होती. बोलला नाहीस ते ती सांगत नाही.

हुकूम तुला वकीलबाईंनी कळवला असेलच. महिन्यातून दोन रविवार, दोन तास, तलावाच्या काठावर, बापाच्या समोर. काल पहिला होता. तो तू पाहिला नाहीस म्हणून लिहिते. वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, तूही लावशील.

अभिनव रमाला घेऊन आला. जाड झाला आहे. आम्हाला पाहून मान हलवली आणि शेजारच्या बाकावर मोबाइल काढून बसला. हाताच्या अंतरावर, सगळं ऐकू येईल असा. वकीलबाईंनी आईला दहादा बजावलं होतं, जुनं काही काढायचं नाही. शाळा विचारा, मैत्रिणी विचारा, खाऊ द्या. पोरीच्या मनावर परिणाम होतो असं त्यांना म्हणता आलं की ते भेटी बंद करून मागतील.

आई तसंच करत होती. शाळा विचारली. मैत्रिणी विचारल्या. रमाच्या केसांत बोटं घालून वेणी सोडून परत घातली. रमा पाय हलवत तलावातल्या बदकांच्या होड्या पाहत होती. आईनं तिला पायलचं सांगायला सुरुवात केली, लहानपणचं, साधं, ती फळ्यावर खडू मोडायची, पोरींना पाढे म्हणायला लावायची. अभिनवनं मान वर केली.

रमानं विचारलं, “नानी, मम्मी लापरवाह थी ना?”

आईला तो शब्द कळला नाही. माझ्याकडे पाहिलं.

“दादाजी बोलते हैं,” रमा म्हणाली. “मम्मी ने गैस खुला छोड़ दिया था. इसलिए मैं किचन में नहीं जाती. मैं भी मम्मी जैसी भुलक्कड़ हूँ. कल बॉटल भूल गई थी स्कूल में.”

ती हे रडून नाही बोलली. आपली उंची सांगावी तसं सांगितलं.

मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला. ती समजली होती मी काय म्हणते ते. शेजारी अभिनवचा अंगठा मोबाइलवर थांबला होता. आईनं तलावाकडे पाहिलं. मला वाटलं ती गप्प बसेल. भैया, मला वाटत होतं की तिनं गप्प बसावं. दोन रविवार तर दोन रविवार.

“नाही,” आई म्हणाली.

मग तिच्या मोडक्या हिंदीत, सावकाश, रमाला पक्कं कळावं म्हणून: “नहीं बेटा. तेरी मम्मी ने गैस बंद किया था. मेरे को खुद बोली. वो कुछ भूली नहीं थी.”

अभिनव उठला. “चल रमा, टाइम हो गया.” अजून तासभर उरला होता. मी म्हटलं, हुकूम आहे. तो म्हणाला, “हुकूम का देखते हैं कोर्ट में,” आणि पोरीचं मनगट धरलं. आई बाकावरून उठली नाही. त्याच्याकडे वर पाहून म्हणाली, “पाहू. मी तिथंही हेच सांगीन.” 

आज वकीलबाईंकडे त्यांचा अर्ज पोचला. भेटी थांबवायचा. पुढची तारीख डिसेंबरात आहे. कदाचित काल पहिलाच होता आणि शेवटचा. आईला सांगितलं. ती म्हणाली, माहीत होतं मले.

एक गोष्ट राहिली. अभिनव तिला ओढत पार्किंगकडे नेत होता. लोक फिरायला आले होते, भुट्टेवाले, कुत्रे घेऊन चालणारी माणसं. रमा त्याच्यासोबत चालत होती, पण मान आमच्याकडे वळलेली होती, आणि ती मोठ्यानं विचारत होती, अख्ख्या काठाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आधी नानीला विचारलं, मग पापाला, मग पुन्हा नानीला:

“तो फिर किसने खोला था? पापा, किसने खोला था?”

चेतना